चोवीस वर्षांची विंडोज सोडून लिनक्सवर आले : शाहूपुरीतल्या एका प्रेसचा अनुभव

ट्रेडलवाली

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, कारण जुन्या प्रेसवाल्यांना आणि घरी बसून डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम) करणाऱ्या बायकांना याचा उपयोग होईल असं मनापासून वाटतं.

आमचं छोटं ऑफसेट प्रेस शाहूपुरीत. सासऱ्यांनी (आम्ही मामा म्हणतो) ते ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, सुरू केलं. शिशाचे खिळे म्हणजे अक्षरांचे ठसे, ते ठेवायच्या लाकडी केसी, हातानं जुळवणी. २००१ मधे त्यांनी खिळे वजनावर मोडीत घातले, त्या पैशांत भर घातली आणि पहिला कॉम्प्युटर घेतला. विंडोज ९८, पानं लावायचा पेजमेकर ६.५ आणि एक मराठी फॉन्टचं पॅकेज. त्या पॅकेजला कुलूप यायचं, मशीनच्या मागं प्रिंटरच्या पोर्टात बसवायचं, ते नसलं तर टंकता यायचं नाही. मी तेव्हा नवी नवरी, टायपिंगची परीक्षा पास झालेली. त्या मशीनवरची पहिली लग्नपत्रिका मी लावली.

तेव्हापासून ९८, एक्सपी, सेव्हन, टेन. दुसरीकडं बघितलंच नाही. गल्लीत कुणी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की मी बरोबर जायची आणि विंडोजच घ्यायला लावायची. चोरीची कॉपी प्रेसमधे येणार नाही हा मामांचा दंडक, म्हणून एक्सपीची अस्सल सीडी घेतली. तिचं खोकं अजून कपाटात आहे. तिला एप्रिल २०१४ पर्यंत अपडेट येत होते. त्या पैशाचं सोनं झालं असं मी आजही म्हणते. म्हणजे भांडून निघालेली मी नाही, हे आधी सांगते.

मग निघाले का? विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमची तीन मशिनं चौथ्या आणि सहाव्या पिढीतली, धडधाकट चालणारी. आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट घ्यायची सोय होती. नवी मशिनं हप्त्यानं घेता आली असती. यजमानांचं मतही तेच होतं. पण विचार करताना मला २०१९ आठवलं.

त्या ऑगस्टमधे पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुंभार गल्लीत तयार होत आलेल्या गणपतींचं काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या प्रेसमधे कंबरभर पाणी होतं. मशिनं आम्ही आदल्या रात्रीच माळ्यावर टाकली होती, ती वाचली. ड्रॉवरमधलं कुलूप मात्र राहिलं. पाणी ओसरल्यावर मशीन सुरू केलं तर सगळ्या फायली जागच्या जागी, अक्षरं समोर दिसताहेत, आणि नवं एक अक्षर टंकता येत नाही. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला. मंडळांची पावतीपुस्तकं तोंडावर. नवं कुलूप यायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात सगळी कामं दुसरीकडं गेली, आणि ज्यांची घरं पाण्यात होती त्या गिऱ्हाइकांना मी "थांबा" कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

त्या तीन आठवड्यांत मी एक फाईल साध्या नोटपॅडमधे उघडून बघितली. एका पतसंस्थेचा अहवाल होता. त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. टोप्या घातलेली, शेपट्या लावलेली रोमन अक्षरं नुसती. अठरा वर्षं मी जे मराठी म्हणून टंकत होते ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. वर चढवलेल्या फॉन्टमुळं ते तसं दिसत होतं.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. जुन्या फॉन्टांत इंग्रजीच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. इथं अर्धा क, तिथं काना, पलीकडं वेलांटी. टंकायचंही जसं दिसतं त्या क्रमानं. "कि" लिहायचं तर वेलांटी आधी, क नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडं असते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत. त्यात देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशी स्वतःची जागा आहे आणि क्रम उच्चाराचा असतो. क आधी, वेलांटी नंतर. त्यामुळं युनिकोडमधलं मराठी कुठल्याही मशीनवर, कुठल्याही फॉन्टात मराठीच राहतं, शोधता येतं, लावता येतं. आमच्या जुन्या फायलींत "गुऱ्हाळ" शब्द शोधायची काही सोयच नव्हती. आणि एकाच पॅकेजमधल्या दोन फॉन्टांची कोष्टकंही वेगळी. मथळ्याचा फॉन्ट मजकुराला लावला की मजकूर विस्कटलाच.

मग ठरवलं. मशीन बदलायच्या आधी मजकूर सोडवायचा.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिनं पायथनमधे छोटा प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या खुणेला कुठलं अक्षर, हे कोष्टक मात्र मी केलं, कारण कुठल्या कळेला काय उमटतं हे माझ्या बोटांत होतं. चार फॉन्टांची चार कोष्टकं. पहिली अडचण वेलांटीची, ती उचलून अक्षराच्या मागं न्यायची. जोडाक्षर असलं तर अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यायची. दुसरी रफाराची. "धर्म"मधला रफार जुन्या पद्धतीत म नंतर टंकायचा, युनिकोडमधे र आधी. "वर्षी"सारख्या शब्दांत रफार आणि वेलांटी एकत्र आले की सगळं उलटंपालटं व्हायचं. जून ते सप्टेंबर, रोज रात्री जेवणं झाली की दोन तास. पेजमेकरच्या फायली लिबरऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजमधे उघडतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ती सोय आहे. मांडणी बिघडते, पण मजकूर हाती लागतो. २००३ पासूनच्या स्मरणिका, अहवाल, तालमींची हस्तपत्रकं, सगळं बाहेर काढलं.

एका रात्री फोल्डरमधे "रंकाळा" शब्द शोधला आणि बावीस वर्षांतल्या एकूण एक फायली समोर आल्या. मी उठून मामांना बोलवून आणलं आणि दाखवलं.

त्यानंतर लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) टाकणं म्हणजे दुपारचं काम होतं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघितलं, आठवडाभर. मग नोव्हेंबरात तिन्ही मशिनांवर. पुस्तकं आणि अहवाल लिबरऑफिस रायटरमधे, पत्रिका आणि जाहिराती पानं लावायच्या स्क्रायबस व चित्रं काढायच्या इंकस्केपमधे.

एक हजार पत्रिका वाया गेल्या, ती चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. इंकस्केपमधून पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, निघते. छपाईच्या प्लेटा काढणाऱ्याकडं तिचे छपाईचे चार रंग झाले आणि काळा मजकूर चारही प्लेटांवर थोडा थोडा उतरला. रजिस्टर, म्हणजे प्लेटा एकमेकींवर बसणं, केसाएवढं हललं तरी बारीक अक्षराला निळी-तांबडी कड दिसते. विंडोजवरच्या कोरलड्रॉमधे काळा हा निव्वळ काळाच ठेवायची सवय हाताला होती, इथं ती आपणहून येत नाही. आता इंकस्केपमधे फक्त चित्र काढते. मजकूर स्क्रायबसमधे लावते, रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग), काळा शंभर टक्के आणि बाकी तिन्ही शून्य, आणि पीडीएफ तिथूनच काढते. स्क्रायबस १.६ किंवा त्यापुढचंच घ्या. जुन्या १.४ मधे जोडाक्षरं तुटतात.

हिशोबाच्या टॅलीसाठी चौथं मशीन विंडोजवरच आहे आणि राहील. एक लेझर प्रिंटर लिनक्सवर चाललाच नाही, तो त्या मशीनला जोडला.

आता माझी शंका. स्मरणिका पुन्हा छापायला घेतलीय. मामांनी भिंग लावून प्रूफ वाचलं आणि बोट ठेवलं. "गुऱ्हाळ" ऐवजी "गुर्हाळ" आलंय, "शेतकऱ्यांना" ऐवजी "शेतकर्यांना". मामा म्हणाले, ह्या र ला आमच्याकडं वेगळा खिळा होता, कपाळावरच्या आडव्या रेघेसारखा, तो गेला कुठं? शेकड्यांनी ठिकाणं आहेत. सरसकट बदलायला गेलं तर "कार्य" आणि "सूर्य" बिघडतील. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

रंकाळाकाठ

ताई, काटा किर्र लिहिलंय. वाचताना पुराचे दिवस डोळ्यांसमोर आले. आमचं दुकान लक्ष्मीपुरीत, आम्ही वह्या गमावल्या. वाचतोय, उत्तरं येऊ द्यात.

फ्लेक्सवाला राजारामपुरी

ताई, सगळं वाचलं. मजकूर युनिकोडमधे आणायचं एकदम पटलं. लिनक्सचं नाही पटलं, आणि गोड बोलून उपयोग नाही म्हणून स्पष्ट लिहितो.

माझ्याकडं गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर सीडीआर (कोरलची) फाईल घेऊन येतं. मंडळाचा कार्यकर्ता रात्री अकराला येतो, सकाळी सहाला बोर्ड चौकात लागला पाहिजे. त्यात "दादा, तुमची फाईल माझ्याकडं नीट उघडत नाही" असं मी म्हणू शकत नाही. फ्लेक्सच्या मशीनला फाईल समजावून देणारं रिप सॉफ्टवेअर विंडोजचं. कटिंग प्लॉटर कोरलमधून चालतो. माझी दोन पोरं कोरलवर डोळे झाकून काम करतात, शॉर्टकट बोटांत बसलेत. त्यांना इंकस्केपवर बसवलं तर दोन महिने निम्मं काम. पगार कोण देणार?

तुमचं काम अहवाल-पुस्तकांचं, तिथं मजकूर मोठा. माझ्याकडं मजकूर चार ओळी आणि फोटो चाळीस. म्हणून मी नवं मशीन घेतलं आणि विंडोज ११ वर गेलो. एका दिवसात काम सुरू. ज्यानं त्यानं आपलं काम बघून ठरवावं.

ट्रेडलवाली

दादा, तुमचं बरोबर आहे आणि मी तुम्हाला सोडा म्हणणार नाही. मी तुमच्याकडंच फ्लेक्स करून घेते म्हटलं तरी चालेल. फक्त एक करा. त्या चार ओळीसुद्धा युनिकोडमधे टंकायला लावा पोरांना. उद्या तुम्ही कोरल बदला, मशीन बदला, काहीही करा, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं परत टंकायला लागणार नाहीत. आणि नावातली चूक म्हणजे काय प्रकरण असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

सीडीआरबद्दल : इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ दोन्हीत उघडते. आकृत्या चांगल्या येतात, मजकूर बऱ्याचदा सरकतो. गिऱ्हाइकाची तयार फाईल जशीच्या तशी छापायची असेल तर मी त्यावर विसंबून राहणार नाही.

उद्यमनगरकर

आमचं पॅटर्न (ओतकामाचे नमुने) आणि मशीनिंगचं शॉप. धागा वाचून रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो, कारण आमच्याकडं पण पंधरा वर्षांची ड्रॉइंगं आहेत आणि ती कशात आहेत याचा कधी विचार केला नव्हता.

आमचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, पुण्याच्या कंपन्या त्याच फॉरमॅटमधे मॉडेल पाठवतात. ते बदलणं आमच्या हातात नाही. व्हीएमसीला (धातू कापणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवणारा एक कॉम्प्युटर अजून एक्सपीवर आहे, त्याला नेट जोडत नाही, पेनड्राइव्हही आधी दुसऱ्या मशीनवर तपासून लावतो. तो चालतोय तोवर हात लावायचा नाही हे ठरलंय. पण काल तुमच्यासारखंच करून बघितलं. जुनी मॉडेलं एकेक करून स्टेपमधे पण साठवायला सुरुवात केली. स्टेप हा आयएसओचा मानक फॉरमॅट, कुठलंही कॅड वाचतं. त्यातून फीचरचा इतिहास जातो, म्हणजे भोक नंतर पाच मिलिमीटरनं सरकवायचं तर नुसता आकडा बदलून होत नाही. तरी आकार तर हातात राहतो. कास्टिंगचा पॅटर्न पुन्हा करायची वेळ आली तर तेवढं पुरतं.

ताई, एकदा येऊन तुमचं सेटिंग बघता येईल का? ऑफिसच्या दोन मशिनांवर कोटेशनं, मेल आणि चलनंच असतात. तिथं मिंट टाकायचं मनात आहे.

अक्षरओळ पुणे

ट्रेडलवाली ताई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. भिंगातून त्यांनी जे पकडलं ते भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं.

तो वेगळा खिळा युनिकोडमधेही वेगळाच आहे. साधा र म्हणजे ०९३०. खाली टिंब असलेला ऱ म्हणजे ०९३१. "गुऱ्हाळ" मधला आडवा अर्धा र मिळवायचा तर ऱ, मग हलन्त, मग ह. साधा र घेऊन हलन्त दिला की तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. तुमच्या कोष्टकात त्या जुन्या खुणेपुढं "र आणि हलन्त" लिहिलेलं असणार. तिथं "ऱ आणि हलन्त" करा. एक ओळ बदलायची आहे.

मूळ जुन्या फायली ठेवल्या असतील तर त्याच पुन्हा नव्या कोष्टकातून काढा. युनिकोड झालेल्या फायलींवर शोधा-बदला चालवू नका, कारण तिथं भेद आधीच हरवलाय. "दर्या" म्हणजे समुद्र, "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. "आचार्यांना" म्हणजे गुरूंना, "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. कुठला हवा हे यंत्राला कळायचं नाही. जुन्या फायलीत मात्र दोन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत, ते ज्ञान तिथं शाबूत आहे.

आणखी एक सापळा. तोच आडवा र दुसऱ्या रीतीनंही उमटतो : साधा र, हलन्त आणि त्यामागं एक अदृश्य जोडखूण. दिसायला तंतोतंत सारखं. पण एका फाईलमधे असा आणि दुसरीत तसा असेल तर शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. नेटवरून उतरवलेल्या मजकुरात हे हमखास असतं. आल्या आल्या सगळं ०९३१ वर आणून ठेवा.

ल आणि श बघितलेत का? बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल, श दाखवतात. मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. ज्या फॉन्टात मराठी रूपं आहेत तिथं ती आपोआप येतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच केलेला आहे, मोफत आहे, पुस्तकाच्या मजकुराला शोभतो.

जाता जाता, फ्लेक्सवाल्या दादांसाठी : कोरलड्रॉची लिनक्स आवृत्ती एकदा आली होती. २००० साली, नववी. पुढं कंपनीनं तो रस्ता सोडला. ती टिकली असती तर तुमचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

कळंबा फिल्म

मी उलट्या बाजूनं आलोय म्हणून लिहितो. लग्नाचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ करतो. २००८ पासून मॅक. गळ्यात सफरचंदाचं लॉकेट घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं असं मित्र म्हणायचे. मॅकवर आजही राग नाही. त्या कंपनीनं प्रोसेसरची जात तीनदा बदलली. १९९४ मधे पॉवरपीसी, २००६ मधे इंटेल, २०२० मधे स्वतःची एम१ चिप. पॉवरपीसीवरून इंटेलवर येताना जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून रोझेटा दिला, एम१ च्या वेळी रोझेटा २. अख्खं घर उचलून दुसऱ्या जोत्यावर ठेवणं सोपं नसतं, ते त्यांनी नीट केलं.

मी निघालो ते कामाच्या वाढीमुळं. एकट्याचा धंदा होता तो तिघांचा झाला. तीन टेबलांना तीन मशिनं हवी होती, आणि त्या पैशात मी एक मॅक घेऊ शकत होतो किंवा तीन विंडोज. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हवर आणलं, ते मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हीवर आहे. बटणं तीच, त्यामुळं हात अडला नाही.

अडलं ते हार्डडिस्कांवर. बारा वर्षांचं फुटेज चौदा डिस्कांवर, सगळ्या मॅकच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या. विंडोजला लावल्या की "फॉरमॅट करायचं का?" असं विचारतं. माझ्या सहायकानं एका डिस्कला "हो" म्हटलं. एका मुलीच्या लग्नाचं फुटेज होतं. आई नंतर वारली. डिस्क तज्ज्ञाकडं पाठवून निम्मं परत मिळालं, आणि त्या घरी ते पोचवायला मी स्वतः गेलो. काय बोलावं सुचलं नाही.

म्हणून सांगतो, मॅक सोडणार असाल तर मॅक हातात असतानाच एकेक डिस्क एक्सफॅटवर उतरवा. ती पद्धत दोन्हीकडं वाचता येते. जुनी डिस्क ताबडतोब पुसू नका. नव्या मशीनवर तीन-चार फायली मधूनच चालवून बघा. आणि त्या काळात ऑफिसात दुसऱ्या कुणाला डिस्का लावू देऊ नका.

रंकाळाकाठ

कळंबा दादा, मन लावून वाचलं. निम्मं तरी परत मिळालं त्या मुलीला.

निवृत्त टंकलेखक

मी कोर्टात एकतीस वर्षं टंकलेखन केलं. मराठी टाइपरायटर, नंतर कॉम्प्युटर. सुनेनं हा धागा वाचून दाखवला. माझा प्रश्न साधा आहे. बोटांना जुन्या कळफलकाची सवय आहे, पासष्टीनंतर नवी लागेल का? ताईंनी कुठला कळफलक घेतला? माझ्याकडं आत्मचरित्राची दीडशे पानं जुन्या फॉन्टात पडून आहेत. नातवंडांना ती त्यांच्या मोबाईलवर वाचता येत नाहीत.

ट्रेडलवाली

काका, मी इनस्क्रिप्ट घेतला. मिंटमधे आधीपासून असतो, कळफलकाच्या सेटिंगमधे मराठी जोडली की झालं. विंडोजमधे आणि मोबाईलवरही तोच मिळतो, म्हणून निवडला. परत एकाच मशीनला बांधून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही टंकलेखक आहात, तुम्हाला त्याची मांडणी आवडेल. स्वर, काना, मात्रा डाव्या हाताला. व्यंजनं बरीचशी उजव्या. क च्या कळेवर शिफ्ट धरला की ख, ग वर घ, त वर थ. ल वर शिफ्ट धरला की ळ. आणि र वर शिफ्ट धरला की तो टिंबाचा ऱ, ज्याच्यावरून हा सगळा धागा चाललाय. मला पहिले पंधरा दिवस रडू येत होतं. रोज सकाळी प्रेस उघडायच्या आधी पेपरातला एक अग्रलेख टंकायची. सहाव्या आठवड्यात बोटं आपणहून जायला लागली. जुना वेग यायला तीन महिने. तुमचा हात माझ्यापेक्षा तयार आहे.

ती दीडशे पानं मला द्या. फॉन्टचं नाव कळवा, त्याचं कोष्टक आमच्याकडं असेल तर एका संध्याकाळचं काम. पैसे घेणार नाही. त्यातलं एक अक्षरसुद्धा मी वाचणार नाही, मशीनच वाचेल, तेव्हा संकोच करू नका.

निवृत्त टंकलेखक

वाचलंत तरी चालेल. रविवारी सुनेबरोबर पेनड्राइव्ह पाठवतो.

फ्लेक्सवाला राजारामपुरी

ताई, पोरांना कालपासून युनिकोड टंकायला लावलंय. कुरकुर करताहेत. पण आज एका तालमीची दोनशे नावांची यादी गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर पाठवली, ती उचलून थेट कोरलमधे टाकली. परत टंकायला लागली नाही. एक नंबर काम झालं. विंडोज सोडत नाही मात्र.

ट्रेडलवाली

अक्षरओळ, कोष्टकातली ती ओळ तुम्ही म्हणालात तशीच निघाली. मुलीनं बदलली आणि मूळ फायली पुन्हा चालवल्या. स्मरणिकेत एकूण सहाशे बारा ठिकाणी आडवा र जागेवर आला. "आचार्य" आणि "कार्य" आहेत तसेच राहिले, तेही शोधून बघितलं. नेटवरून घेतलेल्या दोन लेखांत अदृश्य जोडखूण सापडली, तिथंही सगळं ०९३१ वर आणलं. मजकुराला टिरो लावला. ल बघून मामा खूश झाले.

त्यांनी काल सबंध प्रूफ पुन्हा वाचलं, साडेतीन तास, मधे चहासाठी फक्त उठले. दोन चुका काढल्या. दोन्ही माझ्या, २००३ मधे टंकताना झालेल्या, तेव्हा कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. दुरुस्त केल्या. सोमवारी प्लेटा निघतील.

उद्यमनगरकर दादा, रविवारी सकाळी साडेदहाला या, काकांची सूनही त्याच वेळी येणार आहे. ऑफिसचं एखादं जुनं मशीन आणि रिकामा पेनड्राइव्ह बरोबर आणा, पेनड्राइव्ह आठ जीबीचा तरी हवा. येताना तुमच्या प्रिंटरचं मॉडेल लिहून आणा, त्याचं काय होतंय ते आधी बघू.